गॅलीत जागा काढताना

आमच्या बोटीच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकाच्या कोपऱ्यात, सामान ठेवायला एकच कप्पा होता, सिंकच्या खाली. त्यातलं मागचं काही काढायचं तर गुडघ्यांवर बसून खांद्यापर्यंत हात आत घालावा लागायचा, आणि बोट कललेली असताना ते जमायचंच नाही. बोट 26 फुटी, फायबरग्लासची, 1974 सालची. दोन बर्नरची शेगडी, ताटाएवढं सिंक, एक बर्फपेटी. दोन दिवस फिरून परतायचं असेल तर एवढं पुरतं. ताई आणि मी आठ-दहा दिवस सलग बोटीवर राहायला लागलो, तेव्हा भांडी बिछान्यावर आणि डबे पायात येऊ लागले.

यंदा बोट पाण्याबाहेर काढली तेव्हा मी तीन कप्पे वाढवले: एक शेगडीच्या मागे, एक बर्फपेटीच्या शेजारी आणि एक उतरायच्या जिन्यालगत, मागच्या बल्कहेडला (बोटीच्या आतल्या आडव्या भिंतीला) टेकून.

पहिले दोन दिवस करवतीला हात लावला नाही. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन एकेक पोकळी बघत बसले. जुन्या बोटीत जी जागा रिकामी दिसते ती बहुतेक वेळा कसलं तरी काम करत असते, हे मला तेव्हा समजलं. शेगडीमागे चेनप्लेट नावाच्या धातूच्या पट्टीचे बोल्ट निघाले. डोलकाठीला बाजूने धरून ठेवणाऱ्या तारांचा ताण या बोल्टांवर येतो, आणि डेकमधून पाणी झिरपतं तेही अनेकदा इथूनच. बर्फपेटीशेजारी तळाशी सिंकचा सीकॉक, म्हणजे बोटीच्या कवचातून बाहेर जाणाऱ्या भोकावरची तोटी, होता. त्याची नळी निसटली आणि हात वेळेत पोचला नाही, तर समुद्र आत येतो. म्हणून या कप्प्याचा तळ मी चिकटवलाच नाही. त्याला हाताचं बोट जाईल एवढं भोक आहे, सामानासकट फळी उचलून सीकॉक बंद करता येतो. दोघींनी डोळे मिटून तो शोधून पाहिला.

ताईची नजर गॅस सिलिंडरच्या खणावर होती. 'अर्धा रिकामा आहे गं, चार बाटल्या सहज बसतील.' बसल्या असत्याही. पण एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो खाली बसतो, आणि त्या खणाच्या तळाला एक निचऱ्याचं भोक असतं ते गॅस थेट बाहेर सोडण्यासाठी. त्यावर बाटली आडवी झाली की गॅस खणातच साचणार, आणि तिथून बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, उतरायला त्याला एक फट पुरे. तो खण तसाच ठेवला.

मापं घेणं हे सगळ्यात वेळखाऊ काम. बोटीच्या हलला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, कुठेच सरळ रेष नसते, काटकोनही नसतो. मी एक पुठ्ठा कप्प्याच्या जागी उभा चिकटवला आणि एका टोकदार पट्टीचं टोक हलला टेकवत, दर पाच सेंटिमीटरवर पट्टीच्या कडेची रेघ त्या पुठ्ठ्यावर ओढली. प्रत्येक रेघेवर पट्टीची एक ठरलेली खूण उतरवली. मग पुठ्ठा प्लायवर ठेवून पट्टी एकेका रेघेवर परत बसवायची आणि टोक जिथे येईल तिथे टिंब करायचं. टिंबं जोडली की हलचा वक्र मिळतो. पहिल्याच उभ्या फळीत दोन मिलिमीटरची फट राहिली, तेवढी हवीच होती. खरं तर मी ती मुद्दाम वाढवून पाच केली. प्लायची कडा हलवर थेट टेकली तर लाटांच्या धक्क्याने हल त्या एका रेषेवर वाकत राहतो आणि कालांतराने तिथेच तडकू शकतो. फटीत मऊ फोमची पट्टी घातली, कोपऱ्यात घट्ट केलेल्या इपॉक्सी गोंदाची गोलाई भरली आणि वर काचेच्या कापडाचे दोन थर दिले.

त्याआधी जुना रंग साठ नंबरच्या सँडपेपरने घासून पार फायबरग्लासपर्यंत काढला. रंगावर चिकटवलेली फळी फक्त रंगालाच चिकटते. घासताना चांगला मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच, ती धूळ अंगात टोचत राहते. आणखी एक: काही इपॉक्सी वाळल्यावर वर तेलकट साय येते. ती साध्या पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुवायची, मगच पुढचा थर. प्लाय 9 मिलिमीटरचा, पाण्यात टिकणारा मरीन आहे, तरी प्रत्येक कडेला आणि स्क्रूच्या भोकात इपॉक्सी भरलंच.

फळीच्या पुढच्या कडेच्या कठड्याची उंची मी हिशेबाने ठरवली. फळी 30 सेंटिमीटर खोल, बोट 20 अंश कललेली: मागची कडा पुढच्यापेक्षा दहा सेंटिमीटर वर जाते. एवढ्या उतारावर डबा घसरतोच, आणि लाटेचा हिसका बसला की उडतो. दुकानातल्या शोभेच्या दोन सेंटिमीटरच्या पट्टीचा इथे उपयोग नाही. मी सहाची लावली, आणि आत सरकवता येतील असे आडवे दुभाजक केले, म्हणजे अर्धा भरलेला कप्पाही खडखडत नाही. दारांना आतून बोटाने दाबायची कडी. चुंबकाची कॅच बसवायचा मोह झाला होता. बरं झालं नाही बसवली, कारण बल्कहेडच्या पलीकडे, कॉकपिटच्या (सुकाणू धरून बसायच्या जागेच्या) बाजूला, आमचं होकायंत्र आहे.

आणि तरीही चूक झालीच. जिन्यालगतच्या कप्प्यात मी चोवीस पत्र्याचे डबे रचले. पहिल्याच फेरीत नकाशावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून निघालो, तर होकायंत्र नकाशावरच्या दिशेपेक्षा सात अंश वेगळं सांगत होतं. आधी वाटलं मीच चुकीचं वाचतेय. ताई आत गेली आणि एकेक डबा काढून पुढे नेऊन ठेवू लागली. मी काट्याकडे बघत होते. बारा-पंधरा डब्यांनंतर तो हळूहळू जागेवर आला. बल्कहेड म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटरचं लाकूड, चुंबकत्व त्याला जुमानत नाही. त्या दिवशी धुकं असतं तर काय, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

आता पत्र्याचे डबे बर्फपेटीशेजारी, खाली, मधोमध असतात. जड वस्तू तिथेच शोभतात. जिन्यालगत प्लॅस्टिकच्या बरण्या आणि लाकडी चमचे. नवीन काही ठेवायचं तर आधी एक छोटा चुंबक लावून बघते.

डब्यांवरची कागदी लेबलं ओलीने सुटतात, म्हणून झाकणावर मार्करने लिहितो. आडव्या फळ्यांना खालून भोकं पाडली आहेत आणि त्यांच्या मागे हलपासून बोटभर हवा सोडली आहे. थंड रात्री हलवर आतून दव धरतं, ते तिथून ओघळून बिल्जमध्ये जातं.

जिन्याच्या खालच्या पायरीखाली अजून हातभर जागा आहे. ताईला तिथे कुकर हवाय. तिथून बिल्ज पंपाच्या जाळीपर्यंत हात जातो. मी तिला परवा झोपून हात घालायला लावलं, जाळी काढून परत बसवायला लावली. ती म्हणाली, 'मग कुकर कुठे?' सध्या तो शेगडीवर बांधून ठेवतो.