वस्तरा गळ्यावर असताना

आज सलूनमध्ये अर्धी दाढी झाली होती आणि समोरच्या टीव्हीवर अँकर नकाशावर बोट आपटत ओरडत होता. शेजारच्या खुर्चीतले काका म्हणाले, "एकदाच टाकून द्यावा पाकिस्तानवर अणुबॉम्ब, कटकट मिटेल." वस्तरा माझ्या गळ्यावर, त्यामुळे मी गप्प.

तोंड पुसल्यावर मात्र राहवलं नाही. म्हटलं, काका, वाघा सीमेपासून लाहोर जेमतेम २५ किलोमीटर, अमृतसरही साधारण तेवढंच अलीकडे. वारा काय व्हिसा काढून येतो? हिरोशिमात १९४५ च्या अखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली, आणि तो बॉम्ब आजच्या मानाने लहानच.

"मग आपण पोखरण कशाला केलं?"

प्रश्न रास्त होता. मे १९९८ मध्ये त्या अणुचाचण्या झाल्यावर आमच्या चाळीत पेढे वाटले, मीही खाल्ला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला पाकिस्तानने त्यांच्या चगाईत अणुस्फोट केले, आणि वर्षभरात कारगिल. बॉम्ब असला की युद्ध टळतं, हा हिशेब तिथेच चुकला. 'आधी वापरणार नाही' हे आपलं धोरण मला आजही मोलाचं वाटतं. पण २०१७ च्या अण्वस्त्रबंदी कराराच्या वाटाघाटींना आपण गेलोच नाही. अमेरिका, चीन, पाकिस्तानही नाही. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे इथे बरे एकत्र!

"तुम्ही लाल बावटेवाले सगळे सारखेच," काका हसत म्हणाले. तोवर सलूनवाल्या पोराने चॅनेल बदलून क्रिकेट लावलं होतं.