उलट्या तोंडाचा बाक : पानशेतच्या पाण्यावरील आमच्या वॉटर स्कीइंगच्या हंगामाची नोंद

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी आमचा हंगाम सुरू झाला तेव्हा बोटीच्या खर्चाच्या वहीत सात नावे होती. मात्र ही सात माणसे पाण्यावर कधी एकत्र दिसत नसत. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा आणि अकरावीतली एक मुलगी हे दोघे स्पर्धेच्या हेतूने स्लॅलमचा, म्हणजे बोटीमागे दोराने ओढले जात पाण्यावरच्या तरंगत्या बोयांना (खुणेच्या गोळ्यांना) आलटून पालटून वळसे घालण्याचा, सराव करणारे. त्यांची गाडी कोथरूडहून पहाटे पाचला निघे आणि उजाडता उजाडता पानशेतच्या पाण्यावर त्यांच्या फेऱ्या सुरू होत. उरलेले आम्ही पाच जण चाळिशी ते साठीतले, केवळ हौसेखातर येणारे. वाटेत सिंहगडाच्या फाट्यावर चहा घेऊन, डब्यातले पोहे संपवून आम्ही नऊच्या सुमारास पोचत असू आणि तोवर ते दोघे ओले कपडे पिळत परतीच्या तयारीत असत. ‘कसं झालं?’ ‘बरं झालं, ताई,’ एवढाच काय तो आमचा संवाद.

आता मे संपत आला आहे. या हंगामात माझी स्वतःची प्रगती किती झाली, याची नोंद पुढे केलीच आहे. पण स्पर्धेचे आणि हौसेचे हे दोन गट एका बोटीत कसे बसू लागले, ही मला त्याहून महत्त्वाची गोष्ट वाटते आणि म्हणून ती आधी सविस्तर लिहिते.

दोन गट वेगळे पडण्याचे कारण स्वभावात नव्हते, पाण्यात होते. स्लॅलमच्या सरावाला आरशासारखे स्थिर पाणी लागते आणि ते धरणावर वारा सुटण्यापूर्वीच मिळते. हौशी मंडळींना वळणे घेत लांबवर फिरायला आवडते, आणि बोट वेगात असताना गोल वळली की तिच्या लाटा काठाला जाऊन आपटतात. काठ जर दगडी आणि उभा असेल तर त्या लाटा परत फिरून मध्यभागी येतात आणि पुढची दहा मिनिटे पाणी नुसते डचमळत राहते. त्यामुळे ‘मोठी मंडळी आली की पाणी नासतं’ असे त्या दोघांचे मत होते, जे त्यांनी आदरापोटी आम्हाला कधी ऐकवले नाही, आणि ‘ही मुलं कुणाशी बोलतच नाहीत’ असे आमचे मत होते, जे आम्ही एकमेकांना दर रविवारी ऐकवत असू.

डिसेंबरात बोट चालवणाऱ्या काकांनीच यावर तोडगा काढला. ते तिथल्याच गावचे असून पाण्याची नस त्यांना पक्की ठाऊक आहे. सगळ्यांनी एकाच वेळी यायचे. प्रत्येकाने, मग तो कोणीही असो, सरळ रेषेतच जायचे. टोकाला पोचल्यावर दोर सोडून पाण्यात बसायचे. बोटीने वेग पूर्ण उतरवून हळू वळायचे आणि आधीच्या लाटा विरल्या की त्याच रेषेने परत यायचे, असा त्यांनी दंडक घातला. शिवाय सुरुवातीची जागा त्यांनी गाळाच्या उतरत्या काठाकडे हलवली, कारण तिथे लाट चढून विरते, उलटून येत नाही. एवढ्याने भांडणाचे मूळ गेले. मैत्री मात्र त्यांच्या दुसऱ्या नियमाने झाली.

तो नियम बाकाचा. स्की करणाऱ्याला ओढणाऱ्या बोटीत चालकाची नजर पुढे असावी लागते, म्हणून मागे तोंड करून बसणारा एक निरीक्षक लागतोच. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, अंगठा खाली म्हणजे कमी करा, तळहात गळ्यावरून आडवा फिरवला म्हणजे थांबा, पडल्यानंतर दोन्ही हात डोक्यावर जोडले म्हणजे मी ठीक आहे; या खुणा पाहून त्याने चालकाला सांगायचे असते. पूर्वी या बाकावर स्पर्धेच्या मुलांसोबत स्पर्धेचीच मुले बसत आणि आमच्यासोबत आमच्यापैकीच कोणी तरी, बहुधा गप्पा मारत. काकांनी हे उलटे केले. मुलगा किंवा मुलगी पाण्यात असेल तर बाकावर आमच्यातला एक. आमच्यातले कोणी पाण्यात असेल तर बाकावर त्या दोघांपैकी एक.

याचा पहिला परिणाम आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ सभासदावर झाला. हे गृहस्थ बांधकामाच्या कचेरीत आयुष्यभर नकाशे काढून निवृत्त झालेले, वय ६१. खोल पाण्यातून उठण्याचा प्रयत्न ते गेल्या हंगामापासून करत होते आणि दर वेळी हँडल छातीशी ओढून, घाईने पाय ताठ करून तोंडावर आपटत होते. अकरावीतल्या मुलीने बाकावरून त्यांचे चार प्रयत्न पाहिले आणि मग इंजिन बंद करवून ती स्वतः पाण्यात उतरली. तिने त्यांना गुडघे छातीशी घ्यायला लावले, दोन्ही स्कींची टोके पाण्याबाहेर हातभर अंतरावर धरायला लावली, दोर त्या दोहोंच्या मधून घेतला आणि म्हणाली, ‘आजोबा, तुम्ही उठायचं नाहीच. खुर्चीत बसलात असं समजा आणि खुर्ची बोटीला ओढू दे. हात सरळ, अगदी सरळ.’ सहाव्या प्रयत्नात ते उठले आणि जेमतेम शंभर मीटर गेले. परत आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होते ते मी वर्णन करण्याच्या भानगडीत पडत नाही.

गंमत पुढे आहे. त्याच आठवड्यात त्या मुलीने मला सांगितले की ‘हात सरळ’ हे तिने इतक्या वेळा उच्चारले की स्वतःच्या फेरीत बोटीमागची लाट ओलांडताना तिचे कोपर वाकतात, हे तिला प्रथमच जाणवले. कोपर वाकले की हँडल कमरेपासून दूर सुटते, दोराचा ताण खांद्यावर येतो आणि पुढच्या बोयाशी माणूस उशिरा पोचतो. तिला मार्गदर्शन करणाऱ्यांनी ही गोष्ट पूर्वी सांगितली नसेल असे नाही. परंतु दुसऱ्याला शिकवताना स्वतःच्या तोंडून ऐकलेले वेगळे लागते.

वॉटर स्कीइंगच्या उगमाची कथा या आजोबांना फार आवडली, म्हणून इथे थोडक्यात देते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या लेक सिटी या गावी राल्फ सॅम्युएलसन या मुलाने १९२२ च्या उन्हाळ्यात लेक पेपिन या सरोवरावर प्रथम पिंपाच्या फळ्या, मग बर्फावरच्या स्की वापरून पाहिल्या आणि त्या दोन्ही फसल्यावर लाकडाच्या सुमारे आठ फूट लांबीच्या फळ्या आणून त्यांची टोके उकळत्या पाण्यात मऊ करून वाकवली. भाऊ बोट चालवत होता. टोके पाण्याबाहेर ठेवून मागे रेलायचे, हे उमगेपर्यंत तो पडतच होता आणि २ जुलैला, एकोणिसावे वर्ष पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, तो उभा राहिला. १९२५ मध्ये याच माणसाने तरंगत्या फळीला चरबी चोपडून तिच्यावरून पहिली उडी मारली. ‘म्हणजे त्यालाही कोणी खुर्चीचं सांगितलं नव्हतं,’ असा आजोबांचा यावर अभिप्राय.

आता बोयांविषयी. प्रमाणित स्लॅलम मार्ग २५९ मीटर लांब असतो आणि मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आलटून पालटून एकूण सहा बोये असतात. प्रत्येक बोया रेषेपासून ११.५ मीटरवर. बोट सरळ जाते आणि स्की करणारा प्रत्येक बोयाला बाहेरून वळसा घालतो. सहाही बोये पार केले की पुढच्या फेरीत वेग वाढतो आणि वेगाची मर्यादा गाठली, जी खुल्या गटात पुरुषांसाठी ताशी ५८ आणि महिलांसाठी ५५ किलोमीटर आहे, की दोर तोकडा होऊ लागतो : १८.२५ मीटरवरून १६, मग १४.२५, १३, १२ आणि त्यानंतर ११.२५. इथे दोरच बोयाच्या अंतरापेक्षा लहान होतो आणि उरलेले अंतर माणसाने स्वतःचे शरीर आडवे झोकून भरून काढायचे असते. ताशी ५८ च्या वेगाने हा सारा मार्ग १६.०८ सेकंदांत संपतो.

आमचा मार्ग घरगुती आहे. पाण्याखाली लांबीने ताणलेली तार, तिला काटकोनात बांधलेल्या प्लास्टिकच्या नळ्या, नळ्यांच्या टोकांना रबरी बोये आणि दोन्ही टोकांना तळाशी नांगर. पानशेतचे पाणी खाली खडकवासल्यात सोडले जाते आणि तिथून ते पुण्याला मिळते, म्हणजे आमच्या घरच्या नळाला पाणी येते तेव्हा इकडे आमच्या नांगराचा दोर सैल पडतो. हे आम्हाला ठाऊक होते. पण फेब्रुवारीच्या अखेरीस दोन आठवडे कोणी तार ताणली नाही, आणि ती पाळी माझी होती, हेही लिहून ठेवते.

त्या रविवारी मुलाने ताशी ५५ किलोमीटरला, १६ मीटरच्या दोरावर सहाच्या सहा बोये घेतले. त्याआधी या दोरावर तो चारच्या पुढे गेलेला नव्हता. काठावर टाळ्या झाल्या, कोणीतरी गावात जाऊन पेढेही आणले. बाकावर आजोबा होते आणि ते मात्र टाळ्या न वाजवता बोटीच्या मागच्या पोलादी मुठीकडे पाहत होते. वळशाच्या टोकाला दोर नेहमी त्या मुठीच्या पलीकडे जातो, आज तो वीतभर अलीकडेच थांबला, असे त्यांनी सांगितले. नकाशे काढणाऱ्या माणसाची नजर ती. पेढ्याचा कागद खिशात घालून त्यांनी टेप मागितला, इंजिन बंद करून आम्ही दोघे पाण्यात उतरलो आणि मोजले. सैल तारेवर नळ्या वाऱ्याच्या दिशेने कलल्या होत्या आणि बोये रेषेपासून ११.५ ऐवजी १०.८ मीटरवर आले होते. सत्तर सेंटीमीटरची सवलत. वहीतला आकडा मुलाने स्वतःच्या हाताने खोडला आणि ‘आजोबा, पुढच्या वेळी आधी मोजा, पेढे नंतर,’ एवढेच म्हणाला. तेव्हापासून दर रविवारी सरावापूर्वी आजोबा टेप लावतात आणि फेरीची वेळही तेच घेतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी, मोजलेल्या बोयांवर, त्याच दोराने मुलाने साडेपाच घेतले. सहा अजून व्हायचे आहेत.

माझी प्रगती याच्या शेजारी लहान दिसते, पण आहे. वय ४६, या खेळाला सुरुवात बेचाळीसाव्या वर्षी. नोव्हेंबरात एका स्कीवर खोल पाण्यातून उठण्याचे दहांपैकी तीनच प्रयत्न साधत होते. मागचा पाय सैल ठेवून भार पुढच्या पायावर घ्यायला शिकल्यावर जानेवारीत ते आठांवर गेले. जानेवारीतच निम्म्या रुंदीच्या मार्गावर, म्हणजे आत घेतलेल्या बोयांवर, सहाही पार झाले. पूर्ण रुंदीवर ताशी ४३ किलोमीटरला, १८.२५ मीटरच्या दोराने, फेब्रुवारीत एक बोया, एप्रिलमध्ये दोन आणि गेल्या रविवारी साडेतीन. साडेतीन म्हणजे चौथ्याला वळसा घालून आत आले, पण मधली रेषा ओलांडण्यापूर्वी दोर सुटला. बोयाची मोजणी अशी पाव, अर्धा आणि पूर्ण या हिशेबाने होते, हे मला बाकावर बसून मुलांचे आकडे लिहिताना कळले. आणि एप्रिलमधला दुसरा बोयाही बाकामुळेच मिळाला : मुलीचे हँडल लाटेवर नेमके कमरेच्या हाडाशी टेकलेले आणि कोपरे बरगड्यांना चिकटलेली मी इतक्या वेळा समोरून पाहिली की एके दिवशी माझ्या हातांनी ते आपोआप केले.

दोराबद्दल एक तक्रार. हंगामाच्या आरंभी एका दुकानातून ‘स्कीचा’ म्हणून घेतलेला दोर ताणणारा नायलॉनचा निघाला. असा दोर हवा भरलेली ट्यूब ओढायला चालतो. स्लॅलमला तो चालत नाही, कारण ताण आला की लांबी बदलते आणि पडताना हँडल रबरासारखे उसळून येते. नवा दोर घेताना हाताने ताणून पाहावा, आणि कोणताही दोर मनगटाला कधीही गुंडाळू नये. हे दुसरे वाक्य मी आमच्या बोटीत पाटीवर लिहून लावले आहे.

सगळे गोडीगुलाबीने चालले आहे, असे मात्र नाही. ट्यूबवर बसून फिरायचा हट्ट आमच्यातल्या दोघांना सोडवत नाही आणि ट्यूबला वळणे लागतातच, म्हणून ती दहानंतर, वारा सुटल्यावर, असे ठरले आहे. खर्चाच्या वाटणीवरून मार्चमध्ये जरा ठिणग्या उडाल्या; स्पर्धेची मुले जास्त फेऱ्या घेतात तर त्यांनी पेट्रोल जास्त द्यावे, असा मुद्दा होता. बाकावरचा वेळही हिशेबात धरावा, असे मुलीने सुचवले आणि मोजल्यावर तीच आमच्यासाठी सर्वाधिक बसलेली निघाली. मुद्दा तिथेच मिटला.

पाणी आता बरेच उतरले असून बुडालेल्या झाडांची खोडे काठाजवळ दिसू लागली आहेत, त्यामुळे येत्या रविवारी मार्ग उचलायचा आहे. तार, बारा कड्या, दोन नांगर काकांच्या पडवीत राहतील. चौथ्या बोयाची नळी तडकली आहे ती बदलायची. माझ्या स्कीच्या तळाच्या फिनचे (पात्याचे) स्क्रू गंजले आहेत. पावसाळ्यानंतर धरण भरून पाणी निवळले की पहिले काम टेप लावण्याचे. आजोबांनी दोन स्की सोडून एका स्कीवर उठायचे ठरवले आहे आणि त्या वेळी बाकावर मुलगीच हवी, असे त्यांनी आत्ताच वहीत लिहून ठेवले आहे.