निळ्या ठिपक्याची राणी

डाळिंबाच्या कडेच्या मधमाश्यांच्या पेटीत नव्या राणीचा पिंजरा लावलाय, तो आज दुपारी ऊन तापल्यावर उघडून बघितला. आबा बांधावर उभे. त्यांचं आपलं एकच, "सोड की तिला आता, किती कोंडून ठेवतोस."

जुनी राणी संपत आलती. कामकरी माशीच्या घरातनं नर निघायला लागले, फ्रेमवर, म्हणजे पोळ्याच्या चौकटीवर, घरांच्या सगळ्या मेणाच्या टोप्या फुगलेल्या. राणी सुरुवातीलाच काय ते नरांशी मिलन करते आणि तो साठा जन्मभर पुरवते, साठा संपला की अंडं फळत नाही आणि न फळलेल्या अंड्यातनं नरच येतो, आणि नर काय फुलावर जातोय, आयतं बसून मध खातो. माश्यांना त्यांची त्यांची राणी करू दे असं सांगणारेपण भेटले. पण नवी राणी कोषातनं बाहेर यायलाच १६ दिवस, मग मिलन, मग अंडी, महिना गेलाच की, आणि डाळिंबाचा आंबे बहार काय तिच्यासाठी थांबणारे का? म्हणून तासगावच्या मित्राकडनं मिलन झालेली मेलिफेरा, म्हणजे पेटीत पाळतात त्या युरोपियन जातीची, राणी आणली. राणीच्या पाठीवर सालाप्रमाणे रंगाचा ठिपका देतात, हिचा निळा, म्हणजे २०२५ची. आटपाडीपर्यंत गाडीवर पिंजरा शर्टाच्या खिशात आणि गार वारं लागू नये म्हणून वरनं जर्किन.

पिंजरा लावायच्या आधी जुनी राणी काढली, माश्यांनी घाईनं बांधायला घेतलेली राणीघरं एकूणएक मोडली, त्यातलं एक जरी राहिलं तरी नवीला कोण विचारत नाही. पिंजरा पिल्लांच्या दोन फ्रेमच्या मधे, पिठीसाखर-मधाच्या गोळ्यानं बुजवलेलं त्याचं तोंड वरच्या अंगाला, कारण आतल्या सोबतीच्या माश्या मेल्या तर खाली पडतात आणि वाट बुजत नाही. गोळ्यावर चिकटपट्टी तशीच ठेवली होती.

सगळे विचारतात किती दिवस ठेवायचा, कोण तीन म्हणतं कोण पाच. मी दिवस मोजतच नाही, जाळीवरच्या माश्या बघतो. लावला तेव्हा जाळीला नुसता गच्च झुबका होता, तार चावत होत्या, बोटानं सारलं तरी हलंनात. तेव्हा सोडली असती तर माश्यांनी तिच्याभोवती गोळा करून आत दाबून मारलीच असती तिला, माश्यांच्या त्या गोळ्यात कोंडून आणि उष्णतेनं राणी मरते. आज बघितलं तर माश्या मोकळ्या फिरतायत, बोट लावलं की लगेच बाजूला, आणि दोघी-तिघी जाळीतनं जीभ आत घालून तिला भरवत होत्या. आबांना बोलावून तेवढं दाखवलं. चष्मा वर करून बराच वेळ बघत बसले, मग काय बोलले नाहीत.

चिकटपट्टी काढली आणि पेटी बंद केली. हातानं सोडायची नाही, साखरेचा गोळा खात खात माश्याच तिला बाहेर काढतील, तोवर तिचा वास सगळ्या पेटीभर झालेला असतो. आता आठवडाभर झाकणाला हात लावायचा नाही, आबांना तर खास सांगून ठेवलंय. मग सूर्य पाठीमागं घेऊन फ्रेम तिरकी धरायची, घराच्या तळाला एकेकच अंडं उभं दिसलं की झालं, राणी शोधत बसायची गरज नाही.

शेजारच्या बागवाल्याला फोन केला, फवारणी संध्याकाळी माश्या आत गेल्यावर कर म्हणून. तो बरं म्हणाला. गेल्या बहारालापण बरंच म्हणाला होता.