सात-बाराच्या मागचं घराणं

आमचं रान सीनाकाठी, मोहोळ तालुक्यात. सात-बारा माणसाला फार तर पणजोबांपर्यंत नेतो. त्यामागं जायचं तर गट नंबरावरून जुना सर्व्हे नंबर काढायचा आणि मग मोडीशी झटायचं.

विंगेट आणि गोल्डस्मिड या ब्रिटिश अधिकाऱ्यांची जमीनमोजणी 1835 च्या सुमारास शेजारच्या इंदापुरात सुरू झाली, नंतर आपल्याकडं आली. मातीची प्रत आण्यांत लावायचे. पावणेदोन हात खोल काळी असली की सोळा आणे, म्हणजे पूर्ण प्रत. चुनखडी, उतार, वाळू निघाली की प्रत खाली. आमच्या अण्णांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, “वढ्याकडंच्या पट्टीला किती दिलेत बघ आधी!”

वंशावळीसाठी मात्र खरा माल इनामाच्या, म्हणजे सारामाफीनं दिलेल्या जमिनींच्या, कागदांत. 1852 च्या कायद्यानं इनाम कमिशनला चौकशीचे अधिकार मिळाले, आणि सनद कुणाची, वारस कोण, हे इनामदाराला सिद्ध करावं लागलं. त्या धास्तीनं लोकांनी पिढ्यान्‌पिढ्यांची नावं लिहून दिली. बायकांची नावं क्वचितच. साध्या कुळांचं तर विचारूच नका. कसणारा तोच, कागदावर दुसराच.

आमच्या खापरपणजोबांच्या नावापुढं नुसतं ‘पाटील’ आहे, आडनाव नाही. आता भाऊबंदांपैकी कुणाच्या पेटीत सनद आहे का, ते विचारतोय. विचारलं की सगळ्यांना वाटतं, हा वाटणी मागायला आलाय.