गिधाडाच्या पोटाखालची पांढरी रेघ

कॉम्पोझिटिंगला, म्हणजे वेगवेगळ्या प्रतिमा एका चित्रात जोडायच्या कामाला, आलेल्या या शॉटवर क्लायंटची एकच नोट होती: पिसांना पांढरा दोरा चिकटल्यासारखं दिसतंय. शॉट तसा साधा, ९६ फ्रेमचा. किल्ल्याच्या बुरुजावरच्या चिऱ्यावर गिधाड बसलंय आणि मागे भर दुपारचं, खरं शूट केलेलं आकाश. गिधाड सीजी (संगणकावर बनवलेलं), चिराही सीजी, पण दोन्ही वेगवेगळे रेंडर केलेले, म्हणजे संगणकाकडून वेगवेगळ्या प्रतिमा म्हणून काढून घेतलेले. पिसांचा रेंडर जड असतो आणि ॲनिमेशनमध्ये रोज काहीतरी बदलतं. दगड एकदा निघाला की निघाला, म्हणून ही विभागणी.

दोरा अंगभर नव्हता, हे आधी लक्षात घ्यायला हवं होतं. पाठीची कड थेट आकाशाला लागून होती आणि ती स्वच्छ होती. पोटाची पिसं आणि नख्या जिथे चिऱ्याला टेकतात, नेमकी तिथेच केसाएवढी रेघ होती आणि शॉट चालवला की ती लुकलुकायची.

कडेला रेघ दिसली की पहिला संशय प्रीमल्टवर, आणि बहुतेक वेळा तो खरा निघतो. रेंडरमधून आलेला रंग आधीच अल्फाने, म्हणजे पिक्सेलचा किती भाग वस्तूने झाकलाय त्या ० ते १ मधल्या आकड्याने, गुणलेला असतो; हेच प्रीमल्ट. त्याच्यावर थेट गॅमा किंवा ऑफसेट लावला की अर्धवट अल्फाचे पिक्सेल बिघडतात. त्यामुळे ग्रेडच्या (रंगदुरुस्तीच्या) आधी अनप्रीमल्ट, म्हणजे तो गुणाकार काढायचा, नंतर प्रीमल्ट, आणि दोन्ही एकेकदाच. दोनदा प्रीमल्ट झालं तर ०.५ च्या कडेवर रंग निम्मा होतो आणि काळी किनार येते. न्यूक या कॉम्पोझिटिंग सॉफ्टवेअरच्या स्क्रिप्टमध्ये हे सगळं जागच्या जागी होतं. शिवाय चूक तिथे असती तर ती पाठीवरही दिसली असती.

मग मर्जचा, म्हणजे दोन लेयर जोडणाऱ्या पायरीचा, नुसता अल्फा बघितला. गिधाड आणि चिरा एकत्र झाल्यावर तो आतून सलग पांढरा हवा. दोघांच्या सांध्यावर करडी रेघ होती. पिक्सेलवर कर्सर नेला, आकडा ०.७५. हा आकडा दिसला की पुढे फार शोधावं लागत नाही.

दोन्ही रेंडर होल्डआउट लावून काढलेले होते. चिऱ्याच्या रेंडरमध्ये गिधाडाच्या आकाराचं भोक आणि गिधाडाच्या रेंडरमध्ये चिऱ्यामागे गेलेला भाग कापलेला. हे करावंच लागतं, कारण काही नख्या चिऱ्याच्या पुढे आहेत, काही त्याच्या कडेमागे वळलेल्या. कुठलाच लेयर सरसकट वर ठेवता येत नाही. आता सांध्यावरचा एक पिक्सेल घ्या. अर्ध्यात पीस, अर्ध्यात दगड. दोघांचाही अल्फा ०.५. मर्जला ऑपरेशन होतं ओव्हर. ओव्हर वरचा लेयर पूर्ण घेतो आणि खालचा, वरच्याचा अल्फा १ मधून वजा करून उरेल तेवढ्याने गुणतो. ०.५ अधिक ०.५ गुणिले ०.५, म्हणजे ०.७५. पोर्टर आणि डफ यांनी १९८४ मध्ये मांडलेलं गणित तेच आहे आणि त्यात खोट नाही. ओव्हर धरून चालतो की खालचा लेयर वरच्याच्या खालीही पसरलेला आहे. इथे तो भाग रेंडररने आधीच कापला होता, ओव्हरने तो पुन्हा कापला. पाव पिक्सेल रिकामा राहिला आणि त्यातून आकाश आत आलं.

आता खरी गंमत. हीच स्क्रिप्ट आधीच्या शॉट्समध्ये बिनबोभाट पास झाली होती. कसं ते आकड्यांत पाहा. सगळं लिनिअरमध्ये, म्हणजे आकडा थेट प्रकाशाच्या प्रमाणात. पिसाचा रंग ०.०४, दगडाचा ०.२. अल्फा ०.५ ने गुणून ०.०२ आणि ०.१. बरोबर उत्तर ०.१२. ओव्हरने आलं ०.०७, वर पाव भाग आकाश. आकाश संध्याकाळचं, ०.१८ च्या आसपास असेल तर त्याचे ०.०४५ मिळून होतात ०.११५. ०.१२ आणि ०.११५ मधला फरक कुणाच्या बापाला दिसणार नाही. लायटिंगवाल्यांच्या स्लॅप कॉम्पमध्येही (तपासणीपुरत्या झटपट जोडणीत) मागे ०.१८ चा करडाच असतो. पण या शॉटचं आकाश ४.० होतं. त्याचा पाव म्हणजे १.०. एकूण १.०७, हवं त्याच्या जवळजवळ नऊपट. चूक आधीपासून तशीच होती, दुपारच्या उन्हाने ती उघडी पाडली.

आधीच्या व्हर्जनमध्ये कुणीतरी गिधाडाचा मॅट (अल्फाचा आकार) इरोड करून, म्हणजे कडेने आत खाऊन, बघितला होता. सगळे तेच करतात. त्याने भोक बुजत नाही, उलट मोठं होतं, आणि पाठीवरची बारीक पिसं झडतात ती वेगळीच.

दुरुस्ती एका क्लिकची होती: ओव्हरच्या जागी प्लस. ०.५ अधिक ०.५, अल्फा १. फक्त क्रम सांभाळायचा. आधी गिधाड आणि चिरा प्लसने जोडायचे, मग ती जोडी आकाशावर ओव्हर करायची. चिरा आधी आकाशावर ठेवला आणि गिधाड नंतर प्लस केलं, तर त्याच पिक्सेलवर २.१२ येतं, म्हणजे पहिल्यापेक्षा वाईट. डीफोकसही जोडणीनंतरच. दोन लेयर वेगवेगळ्या प्रमाणात ब्लर झाले की त्यांच्या कडा एकमेकींना पूरक राहत नाहीत आणि उजेड परत गळायला लागतो.

दोरा गेला. पण ६१ ते ७० या फ्रेममध्ये पायाशी आता काळी रेघ आली. ६४ व्या फ्रेमवर अल्फा वाचला: १.२. गिधाडाचा ०.७, दगडाचा ०.५. असं झालं की ओव्हर आकाशाला उणे ०.२ ने गुणतो. ४.० चं होतं उणे ०.८, आणि पडद्यावर काळं. पायाच्या दुसऱ्या बाजूला बेरीज ०.७ भरत होती, तिथे अजून पांढरं. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, म्हणजे भोक सरकलेलं. दगडाचं होल्डआउट गिधाडाच्या जुन्या ॲनिमेशन कॅशवरून (साठवून ठेवलेल्या हालचालीवरून) निघालं होतं. मधल्या काळात गिधाडाने पाय हलवला होता, दगडाला ते कुणी कळवलंच नव्हतं.

इथे अल्फा १ वर क्लॅम्प करायचा, म्हणजे त्याच्या वर जाऊच न द्यायचा, मोह होतो. त्याने काळं जातं, पण रंग दोनदा मिळवलेला तसाच राहतो. न्यूकमध्ये डिसजॉइंट-ओव्हर आहे. दोन अल्फांची बेरीज १ पेक्षा कमी असेल तर तो सरळ प्लस करतो, जास्त असेल तर खालचा लेयर मापात आणतो. सॅम्पलिंगमुळे बेरीज १.००३ सारखी होते तिथे तो प्लसपेक्षा बरा, म्हणून शेवटी तोच ठेवला. सरकलेलं भोक मात्र त्यालाही भरता येत नाही. जिथे दगडच नाही तिथे तो कुठून आणणार?

डीप रेंडर असते तर ही भानगडच नव्हती. प्रत्येक पिक्सेलमध्ये खोलीसकट अनेक सॅम्पल असतात आणि कोण पुढे, कोण मागे हे डीप मर्ज ठरवतो. पण पिसांची डीप फाइल साध्या ईएक्सआर प्रतिमा-फाइलच्या कित्येक पट जड होते, त्यामुळे या शॉटला ते बंद होतं.

दहा फ्रेमचा फक्त दगड नव्या कॅशवर पुन्हा फार्मला (रेंडर करणाऱ्या संगणकांच्या ताफ्याला) लावला. गिधाडाला हात लावला नाही. तोपर्यंत स्लॅप कॉम्पच्या टेम्प्लेटमधला ०.१८ चा करडा काढून तिथे १०.० चा पांढरा टाकला. संध्याकाळी शॉट गेला. दुसऱ्या दिवशी लायटिंगवाल्यांकडून फोन आला, पास झालेल्या आणखी दोन शॉट्समध्ये दोरा दिसतोय म्हणून.