चिमणी अपडेट ७: चुना मेलेला निघाला

मंडळी, गुऱ्हाळाच्या धुराड्याच्या दरजातलं, म्हंजे विटांमधल्या फटीतलं, सिमेंट काढून चुना भरायचं काम चाललंय माझं. दसऱ्याला मी जो फोटो टाकून मिरवलो होतो ना, "वरचे दहा फूट कम्प्लीट" म्हणून, तो विसरा. ते काम गेलं. दिवाळीच्या पाडव्याला सकाळी गुऱ्हाळाकडं गेलो तर चिमणीच्या बुडाशी पांढरी रांगोळी. रात्री पाऊस येऊन गेलता, त्यानं वरून दरजातला माल धुऊन खाली आणला आणि विटांवर दुधासारखे ओघळ. पोराला शेडच्या पत्र्यावरून शिडी लावून वर पाठवलं, स्क्रूड्रायव्हर टोचून बघ म्हनलं, तर त्यो वरूनच ओरडतोय, "मालक, ह्ये तर पिठीसाखर हाय!"

नवीन आलेल्यांसाठी एवढंच सांगतो, आजोबांच्या गुऱ्हाळाची चौकोनी चिमणी, अठ्ठावीस फूट, औशाच्या अलीकडं. १९६८ ची, चुना-सुरखीत (सुरखी म्हंजे विटांची भुकटी) बांधलेली, कारण तेव्हा सिमेंटला परमिट लागायचं आणि चुना घरचाच मळायचे. १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात पूर्वेकडून एक तडा गेला, आमच्या आप्पांनी पुढच्या वर्षी सगळ्या दरजा वरवर खरवडून सिमेंटनं भरून घेतल्या आणि तिथून पुढं विटांचे पापुद्रे सुटायला लागले. ते का सुटतात ह्याच्यावर अपडेट ३ मधी पुरेशी भांडणं झालीत, परत नको. पाणी दरजातून बाहेर पडायचं ते विटेतून पडायला लागलं, सोबत लोणा, म्हंजे खार, आला, वीट फुटली, संपलं.

आता हिशोब. सगळ्यात जास्त मेसेज ह्यासाठीच येतेत आणि मी दर वेळी टाळत होतो, कारण बायको पण हे वाचते. वरच्या दहा फुटांत चिमणीची बाजू सरासरी सव्वातीन फूट, म्हंजे चारी बाजू मिळून १३० स्क्वेअर फूट. पहिल्या फेरीत परांचीचं भाडं आणि टेम्पो ६,५००. जुनं सिमेंट खरवडायला मिस्त्री आणि बिगारी चार दिवस, ९०० आणि ६०० नं, ६,०००. भरायला परत चार दिवस, ६,०००. छन्नी, ग्राइंडरची पाती, बारदाना असं बारीकसारीक १,३६०. आणि चुना? दोन पिशव्या, ३२० ला एक, ६४० रुपये. वाळू तर शेजारच्या बांधकामावरून पाच घमेली फुकट आणली. एकूण २०,५००, फुटाला १५८ च्या आसपास पडलं.

आता त्या यादीत चुना बघा. वीस हजारात ६४० रुपये. दरज बारा मिलीमीटर रुंद, पंचवीस खोल, सगळी लांबी धरली तरी १३० फुटाला साठ-सत्तर लिटर माल लागतो, नासधूस धरून. कामाचा पैसा सगळा उंचीत आणि हातात जातो, मालात नाही. आणि मी शहाण्यानं नेमकं मालात वाचवलं, कळीचा चुना (भट्टीतले कोरडे खडे) आणून पाण्यात विरवायचा, तीन आठवडे मुरवायचा, कोण एवढं करत बसतंय म्हणून हार्डवेअरमधून तयार पिशवी उचलली. दुकानदाराला विचारलं होतं बरं का, "बांधकामाला चालंल ना?" तर म्हणे सगळे हाच नेतेत. सगळे नेतेत ते भिंत रंगवायला हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पण हे आत्ता कळतंय. पाडव्याला मला ह्यातलं काहीच कळलं नव्हतं आणि पुढचे आठ दिवस मी चुकीच्या माणसांवर संशय घेत फिरलो.

पहिला संशय वाळूवर. फुकटची म्हंजे गाळाची असणार. उरलेली वाळू बाटलीत घातली, पाणी, चिमूटभर मीठ, हलवून ठेवली. सकाळी वर गाळाचा पापुद्र्याएवढा थर. मांजरा नदीची वाळू होती, चांगली होती बिचारी, मी उगाच शिव्या दिल्या. (क्रश सँडनं दरजा भरणाऱ्यांनो, तुमचं मत मला माहिताय, तरी मी नदीच्या वाळूवरच. क्रशचा दाणा टोकदार, माल थापीला चिकटत नाही आणि बारीक दरजात ढकलायला जीव जातो.)

दुसरा संशय उन्हावर, आणि ह्यात मी दोन दिवस पूर्ण बुडालो. ऑक्टोबरचं ऊन, पश्चिमेची बाजू दुपारनंतर तव्यासारखी, चुना हळू सुकला पाहिजे, पटकन पाणी उडालं की हवेतला कार्बन डायऑक्साईड ओढून घ्यायचं त्याचं काम थांबतंय आणि माल भुगा होतोय, हे आपल्याला सगळ्यांना पाठ आहे. मला वाटलं सापडलं. लगेच अजून बारदाना घ्यायचा, माणूस लावून रोज तीनदा पाणी मारायचं, असा प्लॅन पण केला. मग रात्री झोपेत डोक्यात आलं की उत्तरेच्या बाजूला तर ऊनच नसतंय, आणि ती पण तेवढीच भुसभुशीत आहे. उठून बसलो. बायको म्हणाली, काय झालं? म्हनलं उत्तर बाजू. ती भिंतीकडं तोंड करून झोपली.

आणि खरं म्हंजे पहिली खूण मला दसऱ्यालाच मिळाली होती, मी हसण्यावारी नेली. आमचा मिस्त्री पहिल्या दिवशी तंबाखू मळताना डबी रिकामी निघाली म्हणून पिशवीतला चिमूटभर चुना घेतला, तोंडात टाकली, दोन मिनिटांनी थुकली आणि म्हणाला, "मालक, ह्यो चुना तंबाखूला बी चढंना." मी म्हनलं, मामा, भिंतीला तंबाखू लावायची नाय आपल्याला. मामा गप. आता रोज ऐकवतोय.

कोडं सुटलं ते हळदीनं. माझ्या मायला मी सगळं रामायण सांगत होतो, ती भाजी निवडत होती, म्हणाली, "चुना जिता हाय का मेला ते हळदीला विचार की." मला दोन सेकंद काही कळलं नाही आणि मग एकदम. कुंकू! हळदीला चुना लावला की लाल होतंय, घरोघरी कुंकू ह्याच्यावरच होत आलंय. जिवंत चुना म्हंजे कडक अल्कली, हळद रक्तासारखी लाल. हवा खाऊन परत चुनखडी झालेला चुना म्हंजे जवळपास खडूची भुकटी, हळद पिवळीच राहते, फार तर जरा मळकट होते.

हळद पाण्यात कालवली, परातीत तीन ढिगल्या. पानवाल्याच्या डबीतला चुना, लाल भडक. पिशवीतला चुना, कसनुसा तपकिरी. दरजातून काढलेला भुगा, पिवळा. मग लिंबू पिळलं. पानवाल्याचा चुना जवळजवळ गप, पिशवीतल्या चुन्यावर सोड्यासारखा फेस. जिवंत चुना आंबटात मुकाट्यानं विरतो, चुनखडी फसफसते, कारण अडकलेला वायू बाहेर पडतोय. म्हंजे पिशवी दुकानात किती दिवस, किती पावसाळे, उघड्या तोंडानं पडली होती देव जाणे. मी भिंतीत चुना भरलाच नव्हता, खडू भरला होता.

आता हे महत्त्वाचं, ज्यांचा माल भुगा होतोय त्यांनी नक्की करून बघा. दरजेतला माल पार तळापर्यंत फोडायचा आणि आतल्या भागावर हळदीचं पाणी सोडायचं. उन्हानं मेला असता तर चुना आत जिवंतच राहिला असता, पाणी नाही म्हणून काम अर्धवट थांबलेला, म्हंजे भुगा झाला तरी हळद लाल झाली असती. नीट जमलेल्या ताज्या मालात बाहेरचे दोन-तीन मिलीमीटर पिवळे, आत लाल, आणि ती पिवळी कड महिन्यामहिन्यानं आत सरकत जाते. माझ्याकडं तीन आठवड्यांचा माल, पंचवीस मिलीमीटर तळापर्यंत पिवळा. एवढ्या लवकर तिथवर हवा पोचून चुना पिकणं शक्यच नाही. पुतण्यानं कॉलेजच्या लॅबमधून फिनॉल्फ्थॅलीनची (अल्कलीत गुलाबी होतं ते) बाटली आणली, त्यानं पण तेच सांगितलं, गुलाबी नावाला नाही. तरी मला विचाराल तर हळदच बरी, आठ आण्यात काम होतंय.

मग कळीचा चुना. तो कुठं मिळाला ऐका, पानटपऱ्यांना चुना पुरवणाऱ्या माणसाकडं. बांधकामवाले मेलेला चुना खपवून घेतेत, तंबाखूवाला घेत नाही, तोंडच सांगतंय त्याला. म्हणून त्याच्याकडं माल कायम ताजा. वीस किलो, ४०० रुपये. पिशव्यांपेक्षा स्वस्त! ह्यावर काही बोलायचं नाही.

विरवायला आधी काहील, गुळाची मोठी कढई, डोळ्यासमोर होती, मायनं पळीच उगारली, म्हणून पत्र्याचा अर्धा ड्रम. प्लॅस्टिकच्या टपात करू नका, एवढी वाफ आणि उष्णता निघते की टप बसतंय. आधी पाणी, मग त्यात कळ्या थोड्या थोड्या, उलटं कधीच नाही. आणि डोळ्याला गॉगल. पहिली कळी टाकली आणि ड्रम असा खदखदला की कुत्रं शेत ओलांडून पळालं. खरं सांगतो, ह्या अख्ख्या कामात मला सगळ्यात जास्त मजा त्या अर्ध्या तासात आली. गाळून, वर चार बोटं पाणी ठेवून तीन आठवडे झाकून ठेवला. मग उघडला तर लोणी. थापीवर घेतला तर थापी उलटी केली तरी पडंना. मामानं आधी तंबाखूत घातला, मान हलवली, मग कामाला हात लावला.

माल असा: चुना एक, वाळू अडीच, सुरखी अर्धा. सुरखी कमी भाजलेल्या विटांची घरी कुटलेली. कडक भाजलेल्या विटेची भुकटी नुसती वाळूसारखी पडून राहते, चुन्याशी तिचं काही जमत नाही, कमी भाजलेली मात्र चुन्याशी बांधली जाते आणि हवा न पोचणाऱ्या खोल जागी पण माल धरतो. काम सकाळी नऊपर्यंत आणि चारनंतर, वीट आधी पाणी पाजून, मग दाबून, रात्री ओलं बारदान. दोन बाजू झाल्या. आठ दिवसांच्या मालात नख रुतत नाही. टोचून हळद लावली, आत लाल! मी तिथं परांचीवरच नाचलो, मामा म्हणाला, पाईप भाड्याचे हायेत.

हत्यारांचं एक सांगायचं राहिलं. ऑनलाइन मागवलेली दरज-छन्नी पहिल्याच दिवशी वाकली. ग्राइंडरनं विटांच्या कडा खाल्ल्या, परत लावणार नाही, सिमेंट किती का कडक असंना. गावातल्या लोहारानं ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या पाट्यापासून १५० रुपयांत जी छन्नी ठोकून दिली ती अजून धार धरून आहे.

दुसऱ्या फेरीचा हिशोब, दोन बाजू राहिल्यात त्या धरून: परांची परत ५,५००, भुगा काढायला बिगारी दोन दिवस १,२००, भरायला पाच दिवस ७,५००, कळीचा चुना ४००, गॉगल-हातमोजे ३००. म्हंजे १४,९००. दोन्ही मिळून ३५,४००, फुटाला २७२. एक ठेकेदार सगळं सिमेंटनं आठ हजारात करून देतो म्हणाला होता. भंगारच्या विटावाला तर मलाच पैसे देत होता, पाडून नेतो म्हणून.

पुढं काय. येळवसला, म्हंजे वेळ अमावस्येला, चुलवण (गुऱ्हाळाची भट्टी) पेटवायचं, काकवी काढायची, पाहुण्यांना भज्जी-आंबिलीसोबत द्यायची असं मी सगळ्यांना सांगून बसलोय. मामा म्हणतोय, कवळ्या चुन्याला एवढ्यात आग दाखवू नका, पाणी पळंल आणि परत पिठीसाखर. तसा वर दहा फुटांत धूर बराच निवून येतो, खाली चुलवणाजवळ तर बांधकाम मातीतच आहे, तरी काहील उकळायची म्हंजे चिपाडाचा जाळ तासन्‌तास. रिस्क नको. म्हणजे गूळ संक्रांतीच्या पुढंच.

हे लिहिता लिहिता सुचलं, येळवसला जाळ नको पण धूर तर करता येईल. बुडात चार गोवऱ्या धुपत ठेवायच्या, वर तोंडावर ओलं बारदान टाकायचं आणि चारी बाजूंनी माणसं उभी करायची, धूर कुठून कुठून फुटतोय बघायला. येळवसला शेतात माणसांची काय कमी. किल्लारीचा तडा आरपार आहे का वरवरचा ह्याच्यावर गेले सहा महिने मी नुसते अंदाज बांधतोय, ते एका दुपारीत कळंल. आरपार निघाला तर पूर्वेची बाजू आत्ता भरायचीच नाही, आधी तड्यात आडव्या विटा बदलून शिवण घालावी लागंल. मग पाच दिवसांचे सात होतेत आणि वरचा हिशोब परत चुकला.

म्हणजे दक्षिण आधी, पूर्व धुरानंतर. परांचीवाल्याला मंगळवारी पाईप परत पाहिजेत, त्याला आज फोन करून अजून पंधरा दिवस मागतो. तड्यात विटा बदलायचा अनुभव कुणाला असंल तर सांगा, एका वेळी किती काढायच्या? मामा म्हणतोय दोन, माझं मन एकच म्हणतंय.