सोळा तासांची मुदत आणि पहाटेचा ताप

पेशंट साठीच्या पुढचे, एएमएल म्हणजे एक प्रकारचा ब्लड कॅन्सर, केमोनंतर परत उलटलेला, आणि डोनर त्यांचीच मुलगी. अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका हॉस्पिटलच्या सेल प्रोसेसिंग लॅबमध्ये मी काम करते, आमच्याकडे अशा पेशंटना ट्रायलमध्ये नातेवाईकाच्या एनके सेल्स देतात, म्हणजे नॅचरल किलर, प्रतिकारशक्तीच्या मारेकरी पेशी. मुलगी म्हणजे एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, यांचा मॅच अर्धाच, पण इथे तेच कामाला येतं, कारण एनके सेल समोरच्या पेशीवर एचएलए क्लास वनची ओळखीची खूण आहे का ते बघते, खूण सापडली नाही की मारायला मोकळी. ही कल्पना स्टॉकहोमच्या क्लास कारे यांची, 1986 च्या सुमाराची, आणि 2002 मध्ये इटलीतल्या पेरुजियाच्या टीमने अर्ध्या मॅचच्या ट्रान्सप्लांटमध्ये एएमएलवर तिचा उपयोग दाखवला.

सकाळी मुलगी एफेरेसिसच्या मशीनवर बसली, म्हणजे रक्तातल्या हव्या त्या पेशी काढून बाकीचं रक्त परत देणारं मशीन, दुपारी गडद लाल बॅग आमच्या हातात आली. त्यातून आधी मॅग्नेटिक बीड्स लावून टी सेल्स, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या पेशी, काढून टाकायच्या, कारण डोनरच्या टी सेल्स पेशंटच्या अंगावरच उलटू शकतात, आणि मग सीडी56 या त्यांच्या पृष्ठभागावरच्या खुणेवरून एनके सेल्स वेचून घ्यायच्या. रक्तातल्या लिम्फोसाइट्समध्ये, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींमध्ये, एनके असतात साधारण 5 ते 15 टक्के, त्यामुळे एवढ्या मोठ्या बॅगेतून शेवटी उरतं ते जरासं गढूळ, जवळजवळ बिनरंगाचं पाणी. त्यात आयएल-12, आयएल-15 आणि आयएल-18 हे तीन सायटोकाइन, म्हणजे पेशींना चेतवणारी प्रथिनं, घालून बॅग रात्रभर इन्क्युबेटरमध्ये, 12 ते 16 तास. एनके सेल्सना आठवण नसते असंच आम्ही शिकलो होतो, पण 2009 मध्ये सेंट लुईसच्या लोकांनी उंदरात दाखवलं की हे तीन सायटोकाइन थोडा वेळ मिळाले तरी या पेशी नंतर कितीतरी दिवस जास्त जोमाने काम करतात, पुढे माणसाच्या पेशीतही तेच दिसलं, आणि 2016 च्या त्यांच्या पहिल्या ट्रायलमध्ये तपासता आलेल्या 9 एएमएल पेशंटपैकी 5 जणांना फायदा झाला, त्यातले 4 पूर्ण रेमिशनमध्ये गेले, म्हणजे तपासणीत आजार दिसेनासा झाला. आकडा लहान आहे, पण हे सगळे असे पेशंट होते ज्यांच्यासाठी फारसं काही उरलेलं नव्हतं.

पहाटे मी मायक्रोस्कोपखाली बघितलं तर पेशी आदल्या दिवसापेक्षा मोठ्या झालेल्या, एकमेकींना चिकटून पुंजके झालेले, म्हणजे नीट चेतल्या होत्या. आणि तेवढ्यात वॉर्डमधून फोन, पेशंटला ताप आलाय, इन्फ्युजन उद्यावर टाकता येईल का.

येत नाही. एक तर सोळा तासांच्या पुढे आम्ही इन्क्युबेशन नेत नाही, आणि दुसरं म्हणजे फ्लुडाराबिन-सायक्लोफॉस्फमाइड ही केमोची औषधं देऊन पेशंटची स्वतःची प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली आणलेली असते, म्हणजे या पाहुण्या पेशींना तग धरता यावा म्हणून, ती वेळ एकदा गेली की पुन्हा सगळं पहिल्यापासून. मी डॉक्टरांना एवढंच सांगितलं की अमुक वाजेपर्यंत हो किंवा नाही कळवा, निर्णय तुमचा, पण घड्याळ माझ्याकडे आहे. त्यांनी ब्लड कल्चर पाठवले, अँटिबायोटिक सुरू केलं, एक्स-रे बघितला, छाती साफ होती.

इकडे आम्ही सेल्स धुवायला घेतल्या. धुण्यात अजिबात घाई करायची नाही, कारण 1995 मध्ये आयएल-12 थेट शिरेतून दिलेल्या एका ट्रायलमध्ये दोन पेशंट दगावले होते, आमच्या बॅगेतून त्याचा अंशही पेशंटपर्यंत जाता कामा नये. मग काउंट, व्हायाबिलिटी म्हणजे जिवंत पेशी किती, टी सेल्स किती राहिल्यात, आणि जंतू नाहीत ना हे बघायला ग्रॅम स्टेन, एंडोटॉक्सिन. सगळं बसलं, आणि डॉक्टरांचा हो पण वेळेत आला. बॅग देताना मी नर्सला परत बजावलं की थंडी वाजली तरी आम्हाला विचारल्याशिवाय स्टेरॉइड नाही, कारण त्या पेशीच गप्प पडतील. प्रत्यक्ष इन्फ्युजन मात्र अर्ध्या तासाच्या आत आटोपलं.

घरून पुण्याहून मला फॉरवर्ड येतात, एनके सेल्स वाढवणाऱ्या कॅप्सूल म्हणून, आणि कोणाकोणाच्या घरी पेशंट असतो म्हणून लोक खरंच पैसे घालवतात. त्याचा मला फार त्रास होतो. कृपा करून ते पैसे औषधाला ठेवा.

आठवड्याने पेशंटचं रक्त फ्लो सायटोमेट्रीला आलं, म्हणजे एकेक पेशी तिच्या खुणांवरून मोजायला. बाप आणि लेक यांच्या एचएलएमध्ये जो फरक होता त्यावर अँटिबॉडी लावून दोघांच्या पेशी वेगळ्या दिसतात, आणि स्क्रीनवर एनकेचा जवळजवळ सगळा पुंजका मुलीचाच, त्यात केआय-67 ही पेशी विभागत असल्याची खूण पण चढलेली, म्हणजे पेशी वाढत होत्या. मी शेजारच्या टेबलवरच्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. ताप कल्चरमध्ये काही न सापडताच उतरला होता.

या पेशी कायमच्या राहत नाहीत, पेशंटच्या टी सेल्स परतल्या की दोन-तीन आठवड्यांत त्या जातात, म्हणून जे करायचं ते लगेच. पुढच्या बोन मॅरो तपासणीत ब्लास्ट, म्हणजे कच्च्या पेशी ज्या या कॅन्सरमध्ये वाढतात, 5 टक्क्यांच्या खाली आले आणि ट्रान्सप्लांट टीमने लगेच तारीख धरली, डोनर पुन्हा मुलगीच.